ओतिलियाबाईंनी गिळलेलं बाळ

साखरेच्या बाबतीत दुसऱ्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार सान लोरेन्सो गावात एकट्या ओतिलियाबाईंकडे होता. तो त्यांना कुणी दिला, असं विचारायची गावात पद्धत नव्हती. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आरोग्य केंद्रातल्या मधुमेही मंडळाच्या अध्यक्षा आणि स्वतः जुन्या मधुमेही, एवढ्या भांडवलावर त्या कुणाच्याही वाढदिवसाला जात आणि केकचा पहिला घास तोंडापाशी नेलेल्या माणसाला त्या घासात किती साखर आहे ते सांगत. लोक घास खाली ठेवत नसत, पण त्याची चव गेलेली असे. बाईंना तेवढं पुरे होतं.

अशा बाईंनी सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला रोस्का खाल्ला, आणि नुसता खाल्ला नाही तर त्यातलं बाळही गिळलं, हे कळलं तर गाव काय म्हणेल? बाईंच्या अंदाजाप्रमाणे गाव काहीच म्हणणार नव्हतं. गाव नुसतं हसणार होतं. त्यापेक्षा मरण बरं, असं त्यांचं मत होतं, आणि पुढे तशी वेळ येऊ लागली तरी ते मत त्यांनी बरेच दिवस बदललं नाही.

घडलं ते असं. रोस्का म्हणजे मोठ्या कड्यासारखा गोड पाव, वर मुरवलेल्या फळांच्या रंगीत चकत्या. त्याच्या पोटात बेकरीवाला करंगळीच्या पेराएवढं प्लास्टिकचं बाळ लपवतो. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. तामाल म्हणजे मक्याचं पीठ भिजवा, चरबी फेसा, सारण शिजवा, एकेक पानात गुंडाळा आणि अर्धा दिवस वाफेसमोर घाम गाळत उभे राहा. म्हणून बाळ मिळणं हे मोठ्या भाग्याचं लक्षण आहे असं सगळे म्हणतात, आणि सुरी हातात घेताना हे भाग्य शेजारच्याला लाभो अशी मनोभावे प्रार्थना करतात.

त्या संध्याकाळी टेबलाशी चौघं होती. ओतिलियाबाई, त्यांची सून नोएमी, माडीवर राहणारे दीर एपिफानिओ, आणि शेजारची एर्लिंडा, जिला बोलवावं लागत नाही आणि घालवताही येत नाही. बाईंचा मुलगा ट्रक घेऊन उत्तरेकडे गेला होता. तिघं रोस्का खात होती. बाई बिनसाखरेची कॉफी घेत तिघांच्या ताटल्यांकडे परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षिकेने बघावं तसं बघत होत्या.

तेवढ्यात कचऱ्याच्या गाडीची घंटा वाजली.

ही घंटा वाजली की सान लोरेन्सोत कुणी कुणाचं नसतं. गाडी थांबत नाही. तिच्या मागे धावून पिशवी टाकावी लागते, आणि हुकली तर पुढच्या खेपेपर्यंत त्याच कचऱ्याशी संसार करावा लागतो. नोएमी पिशवी घेऊन धावली. एर्लिंडा आपल्या घरची पिशवी आणायला धावली. एपिफानिओ भावजी आयुष्यात कधी कचरा उचलायचे नाहीत, पण गाडीवाल्याला गाडी कशी चालवावी हे सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून तेही गेले.

घरात बाई आणि रोस्का असे दोघंच उरले.

बाईंनी अंजिराच्या चकतीखालचा एक तुकडा कापला. पातळ होता, असं पुढे बरेच दिवस त्या स्वतःला बजावत होत्या. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी टणक आलं, आणि त्याच क्षणी दारात पावलं वाजली. थुंकावं तर पुरावा, तोंडात धरावं तर बोलायची पंचाईत. अठ्ठावीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. त्यांनी कॉफीचा मोठा घोट घेतला आणि बाळाला आत ढकललं.

"सासूबाई, डोळ्यांत पाणी का?" नोएमीने विचारलं.

"कॉफी गरम आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोस्क्याचा शेवटचा चुरा संपला आणि बाळ निघालं नाही. कुणीही सुटकेचा निःश्वास टाकून गप्प बसलं असतं, पण एपिफानिओ भावजींनी जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत उभा जन्म काढला होता. तुमची कागदपत्रं अपुरी आहेत, हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतकी वर्षं ऐकवलं होतं की निवृत्तीनंतर ते कुणाला ऐकवावं हाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. बाळाशिवाय विकलेला रोस्का ही ग्राहकाची फसवणूक आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि बेकरीवाल्या फेर्मिनच्या विरोधात नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर अर्ज ठोकला.

खिडकीवरचे साहेब म्हणाले, रोस्का हजर करा. भावजी म्हणाले, खाल्ला. साहेब म्हणाले, मग ज्यांनी खाल्ला त्यांचे जबाब लागतील. पण खाणाऱ्याने बाळ लपवलेलं असू शकतं, तेव्हा ज्याने रोस्का अजिबात खाल्ला नाही, पण जो पूर्ण वेळ टेबलाशी होता, असा एक निःपक्ष साक्षीदार लागेल. असा माणूस मिळणं कठीण असतं, असंही साहेब सहानुभूतीने म्हणाले.

भावजी छाती फुगवून घरी आले. "वहिनी, तुमच्या मधुमेहाचा आज पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला."

बाईंनी साक्ष द्यायचं कबूल केलं. नाही म्हटलं असतं तर का, असं विचारलं गेलं असतं.

मग दोन आठवड्यांनी जळजळ सुरू झाली.

लघवीला लागायची ती दर पाव तासाला, व्हायची चमचाभर, आणि तीही मिरचीचं पाणी असावं तशी. घरात संडास एकच, अंगणाच्या टोकाला, आणि सकाळचा सगळा वेळ त्यावर भावजींचा कब्जा. ते आत वर्तमानपत्र मृत्युवार्तांसकट वाचत. बाई बाहेर हात मागे बांधून, जणू कुंड्यांची पाहणी चाललीय अशा थाटात फेऱ्या मारत. कुंड्या दोनच होत्या. त्यांची इतकी कसून पाहणी कुणीच केली नव्हती.

कारण बाईंना ठाऊक होतं, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. ते बाळ नेहमीच्या वाटेने बाहेर गेल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायला त्या वाकणं शक्यच नव्हतं, आब म्हणून काही असतो. म्हणजे ते आतच होतं. आणि ते आत कुठेतरी वाट चुकून लघवीच्या मार्गात आडवं बसलं होतं, हात पसरून. ज्या बाईंनी मुलींच्या पिढ्यान्‌पिढ्यांना मानवी शरीराचा तक्ता छडीने दाखवून शिकवला होता, जठर इथे, मूत्राशय इथे, आणि या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, त्याच बाईंनी हा निष्कर्ष काढला. धाक आणि लाज दोन्ही एकदम मानगुटीवर बसली की शिक्षण किती टिकतं, हे त्यावरून दिसतं.

तेव्हा डॉक्टरकडे जाणं आलंच नाही. डॉक्टर विचारणार, काय गिळलंत? आणि आरोग्य केंद्रातली डॉक्टर यादिरा ही तर त्यांची जुनी विद्यार्थिनी.

त्याऐवजी एर्लिंडा आली. बाईंच्या फेऱ्या तिने भिंतीपलीकडून मोजल्या होत्या. तिचं निदान तयार होतं. "बाई, तुम्ही चर्चच्या दगडी बाकावर बसलात. थंडी खालून चढते." तिच्या मते जगातले अर्धे आजार बाकांमधून चढतात आणि उरलेले अर्धे धसक्याने होतात. बाईंचा मधुमेहसुद्धा शाळेची भिंत पडली त्या दिवसाच्या धसक्यातूनच आला होता, हे ती सगळ्या गावाला सांगत असे. तिचा स्वतःचा रक्तदाब नवरा पळून गेला त्या धसक्याचा होता, आणि तो परत आला त्या धसक्याने वाढला होता. तिने मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा उकळून आणला, पोटावर चोळायला मलम आणलं, आणि शेवटी रुमालात बांधलेल्या दोन कॅप्सूल काढल्या. मागच्या वर्षी तिच्या मेहुण्याच्या दाढेसाठी आणलेल्यांपैकी उरल्या होत्या.

काढ्याला बाईंनी नाक मुरडलं आणि तो प्याला. मलमाला नाक मुरडलं आणि तेही चोळलं. कॅप्सूल मात्र त्यांनी एर्लिंडा गेल्यावर घेतल्या. एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जळजळ दुप्पट होऊन परतली आणि येताना कमरेत एक ठणका घेऊन आली.

त्याच आठवड्यात मधुमेही मंडळाची बैठक होती. विषय महिनाभर आधी बाईंनीच ठरवला होता आणि तक्ताही त्यांनीच रंगवला होता: मधुमेह आणि लघवीचा जंतुसंसर्ग. बाई तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. साखर वाढली की ती लघवीत उतरते, त्यांनी छडी टेकवून सांगितलं, आणि जंतूंना आयतं जेवण मिळतं. मग त्या बाहेर जाऊन आल्या. जळजळ, वारंवार जावं लागणं, ही लक्षणं दिसताच डॉक्टरकडे जावं. पुन्हा जाऊन आल्या. दुसऱ्याची उरलेली औषधं घेऊ नयेत, असं करणारा माणूस मूर्ख समजावा. हे वाक्य म्हणताना त्यांनी तक्त्याचा लाकडी दांडा घट्ट धरला होता. कंबर दुखत असेल किंवा थंडी वाजून ताप आला तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असं समजा. मग एक दिवसही थांबू नका, मूत्रपिंड जाईल.

मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, बाई, लाजेमुळे माणूस डॉक्टरकडे गेलाच नाही तर?

"तर तो माणूस सुशिक्षित नव्हे," बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा बाहेर गेल्या.

सुनावणीच्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली होती. बाहेर लख्ख ऊन, आणि बाई लोकरी शालीत. नोएमी म्हणाली, सासूबाई, कपाळ तापलंय, आज राहू द्या. बाई म्हणाल्या, साक्षीदाराने शब्द पाळावा. खरं म्हणजे ते प्रकरण एकदाचं सही करून गाडून टाकावं, मग शांतपणे मरायचं तर मरू, असा त्यांचा बेत होता. मूत्रपिंड एका पारड्यात आणि अध्यक्षपद दुसऱ्या पारड्यात घातलं तर कुठलं जड, याचा निवाडा त्यांनी करून टाकला होता.

नगरपालिकेच्या त्या खोलीत एका बाजूला भावजी टाय लावून, शेजारी साक्षीला एर्लिंडा, आणि समोर बेकरीवाला फेर्मिन, कोपरापर्यंत पिठाने पांढरा, भट्टी सोडून यावं लागलं म्हणून धुमसत. बाई खुर्चीत बसतात न बसतात तोच त्यांना लागली. त्यांनी कारकुनाला हळूच संडास विचारला. कारकून म्हणाला, आहे ना, पण कुलूप असतं. किल्ली? किल्ली माझ्याकडेच आहे. द्या मग. कारकुनाने मान हलवली. जबाब चालू असताना साक्षीदाराला खोलीबाहेर सोडता येत नाही. बाहेर त्याला कुणी फितवू शकतं.

"संडासात?" नोएमीने विचारलं.

"कुठेही, ताई," कारकून म्हणाला. "आधी जबाब वाचतो, मग सही, मग किल्ली."

जबाब भावजींनी लिहिला होता. तो चार पानी होता. पहिल्या पानात घराण्याचा इतिहास होता. दुसऱ्यात तीन राजांच्या सणाचं महत्त्व. कारकुनाचा आवाज चर्चमधल्या प्रवचनासारखा संथ होता, आणि स्वल्पविरामाला तो खरोखर थांबत असे. बाईंनी पायावर पाय टाकला, तो काढून दुसरा टाकला, शाल आवळली. त्यांचे दात वाजत होते. तिसऱ्या पानावर कारकून वाचू लागला की सदर साक्षीदार श्रीमती ओतिलिया या अत्यंत संयमी, स्वल्पविराम, सत्यवचनी, स्वल्पविराम, आणि गोड पदार्थाला आजन्म न शिवणाऱ्या,

"वाचन थांबवा," बाई म्हणाल्या. "बाळ मी गिळलं. किल्ली द्या."

कारकुनाने किल्ली काढली ती नियम आठवायच्या आत. बाई गेल्या. पाठीचा कणा शाळेच्या प्रार्थनेला असायचा तसा ताठ होता. परत आल्या त्या मात्र भिंतीला धरून, आणि नोएमीने पुढे होऊन त्यांना खुर्चीत बसवलं.

फेर्मिनने त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलावर दोन्ही तळहात टेकले. पिठाचे दोन ठसे उठले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "एक झालं. एवढ्या मोठ्या रोस्क्यात मी तीन घालतो. बाकीची दोन कुठायत?"

भावजींना खोकल्याची उबळ आली. एर्लिंडा आपल्या बटव्याची चेन तपासू लागली, ती लागलेलीच होती. कारकुनाने जबाबाची चार पानं उलटी घातली आणि विचारलं, तक्रार पुढे चालवायची का? भावजी म्हणाले, वहिनींच्या प्रकृतीकडे पाहता माणुसकीच्या नात्याने ती मागे घ्यावी असं वाटतं. माणुसकीचा एवढा मोठा झटका त्यांना उभ्या नोकरीत आला नव्हता.

नोएमीने बाईंना तिथूनच उचलून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर यादिराने ताप बघितला, कमरेवर हलकेच थाप मारली, आणि बाई खुर्चीतून उडाल्या. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला तो बघून तिने यंत्र पुसून पुन्हा लावलं. आकडा तोच. मग बाईंनी डोळे मिटून बाळाची हकीगत सांगितली, वाट चुकल्याच्या सिद्धांतासकट आणि एर्लिंडाच्या कॅप्सूलसकट.

यादिरा हसली नाही. तिने औषधाच्या चिठ्ठीच्या मागे दोन नळ्या काढल्या, एक अन्नाची, एक लघवीची, आणि मध्ये जाड रेघ मारली. "बाई, हे तुम्हीच शिकवलंत मला. सहावीत. बाळ त्याच आठवड्यात निघून गेलं, गावच्या गटारातून आता समुद्राला लागलं असेल. हे जंतू आहेत. साखर लघवीत उतरलीय, त्यांची चंगळ चाललीय. वर तुमच्या नसा मंदावल्यात, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, साचलेल्यात ते वाढतात. त्या दोन कॅप्सूलनी मेले नाहीत, नुसते डिवचले गेले. आज आला नसतात तर मूत्रपिंडाचं मी काही सांगू शकले नसते."

"त्या एका तुकड्याने एवढं?" बाईंनी विचारलं.

"एका तुकड्याने नाही. ही साखर कित्येक महिन्यांची आहे." यादिराने सलाइनची सुई हातात घेतली आणि सहज विचारलं, "दर बैठकीला सगळ्यांची साखर मोजता. स्वतःची शेवटची कधी मोजलीत?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. कचऱ्याची गाडी सान लोरेन्सोत आठवड्यातून दोनदा येते.

नोएमीने सासूबाईंकडे बघितलं, मग तीही खिडकीबाहेर बघू लागली. घरातला मुरांबा लवकर का संपतो, नवरा घरी नसताना बिस्किटांचा डबा हलका का होतो, हे तिला एकदमच कळलं असावं. तिने फक्त बाईंच्या पायांवरची शाल सारखी केली आणि सुई टोचताना त्यांचा दुसरा हात धरून ठेवला. बाईंनी तो काढून घेतला नाही, ही त्या दिवसातली त्यांची एकमेव शहाणपणाची गोष्ट.

सलाइन आणि इंजेक्शनं झाली, गोळ्यांचा पूर्ण कोर्स लागला, आणि दोन फेब्रुवारीला बाई घरी होत्या. सकाळी मंडळाचे लोक येऊन गेले. बाईंनी राजीनामा तयार ठेवला होता. तो कुणी स्वीकारला नाही. यात क्षमा वगैरे काही नव्हती. अध्यक्षाला दर बैठकीला खुर्च्या मांडाव्या लागतात, आणि ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. मागच्या बाकावरच्या म्हातारीने फक्त एवढंच सांगितलं की यापुढे यंत्राला पहिलं बोट अध्यक्षांचं. सगळ्यांच्या देखत. बाईंनी मान डोलावली.

दुपारी भावजी माडीवरून पातेलं घेऊन उतरले. वाटेत तामाल बरे दिसले म्हणून आणले, म्हणाले. वाटेत म्हणजे जिन्यात, कारण सकाळपासून वरून वाफेचा वास येत होता. पाठोपाठ एर्लिंडा आली, तिच्याकडेही पातेलं. घरी जरा जास्तच झाले होते, असं तिने सांगितलं. तिच्या घरी ती, तिचा परत आलेला नवरा आणि एक मांजर. बाईंच्या वाटणीचे तामाल नोएमीने पहाटे उठून केले होते, चरबी निम्मी घालून, आणि बाईंनी बसल्या बसल्या पानं पुसून दिली होती, प्रत्येक पानात एक खोट काढत. पातेली मांडता मांडता टेबलाच्या कडेला, मिठाच्या भांड्यामागे, दोन प्लास्टिकची बाळं पालथी पडलेली दिसली. ती कुणी ठेवली हे कुणी पाहिलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. तिसरं आणून द्यायला आपण बांधील नाही, असं बाईंनी आधीच स्पष्ट केलं होतं.

बाईंनी बोटाला सुई टोचली, आकडा मोठ्याने वाचला, आणि एक तामाल घेऊन तो बरोबर मधोमध कापला. सगळे जेवायला बसले.

तेवढ्यात रस्त्यावर घंटा वाजली.

एर्लिंडा अर्धवट उठली, भावजींकडे बघून परत बसली. भावजींनी नोएमीकडे बघितलं. नोएमीने सासूबाईंकडे बघितलं. बाईंनी टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या पातेल्याकडे बघितलं, त्यात मनुकांचे गोड तामाल होते, आणि मग स्वतःच्या ताटलीतल्या अर्ध्या तुकड्याकडे.

गाडी घंटा वाजवत, कुणाचीही वाट न बघता, कोपऱ्यावरून वळून गेली. त्या दिवशी त्या घरातला कचरा घरातच राहिला.